शाबा मास्तरांचा कान

माझ्या पुढे अकरा माणसं होती आणि अकराही जण विळा काखेत मारून उन्हात गप्प उभे होते. भातकापणीला निघालेली माणसं कधी गप्प असतात का? वाटेनं एकमेकांच्या बायकापोरांवरून थट्टा, वरच्या वाडीच्या नावानं शिव्या, सगळं चालू असतं. पण कळंगणच्या नाक्यावर रांगेत उभं राहिलं की माणसाची जीभ आपोआप आत जायची. कारण तिथं विळ्याची झडती नव्हती, पिशवीची नव्हती. झडती जिभेचीच होती.

जांभळीच्या सावलीत एक वेताची खुर्ची होती आणि तिच्यात शाबा मास्तर बसले होते. साठी उलटलेला बारकेला माणूस, काळी टोपी, गुडघ्यापर्यंत धोतर, डोळे मिटलेले. त्यांचा डावा कान रांगेकडे होता. बाजूला पोर्तुगीज काबो, म्हणजे नाक्याचा नाईक, हातात पेन्सिल घेऊन उभा. आमच्याकडे अशा गोऱ्या शिपायाला पाखलो म्हणत. त्या पाखल्याला आमच्यातलं अक्षर कळत नव्हतं, आणि कळायची गरजही नव्हती. कळायला मास्तर होते. माणूस पुढे व्हायचा, नाव, गाव, कुणाच्या शेतात जातो ते सांगायचा. मास्तरांचं एक बोट वर उठलं की काबो मान हलवायचा आणि माणूस सुटायचा.

बोट उठलं नाही तर मास्तर डोळे उघडायचे. एवढंच. तोंडानं काही बोलायचे नाहीत. आदल्या आठवड्यात एका माणसावर त्यांनी डोळे उघडले होते. पलीकडच्या काठाचा होता, इकडचा म्हणून आला होता. त्याला नाक्यामागच्या खोलीत नेलं. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत त्याचा आवाज गावात ऐकू येत होता. मग येईनासा झाला. त्याच्या आधी एक होता, त्याचंही तसंच. गावातल्या बायकांनी त्या दिवशी पोरांच्या कानांत बोळे घातले होते, असं माझी बहीण सांगत होती.

मी पलीकडच्या काठाचा होतो.

ही पंचावन्न सालच्या आश्विनातली गोष्ट. ऑगस्टात सत्याग्रही गोव्यात घुसले, गोळ्या सुटल्या आणि त्यानंतर आमच्या खाडीचे दोन काठ एकमेकांना तोडले गेले. आमचा काठ हिंदुस्थानात, समोरचा पोर्तुगिजांकडे. मधे खाडी कितीशी, तर या काठावर फोडणी घातली की त्या काठावर ठसका लागायचा. माझी थोरली बहीण शेवंती त्या काठाला दिलेली. तिचे यजमान सोनूभावजी पत्रकं वाटताना धरले गेले होते. कचेरीत काम करणाऱ्या एका शेजाऱ्यानं तिला सांगितलं, पुढचं नाव तुझं आहे, शुक्रवारच्या आत जा कुठंतरी. तिच्या काखेत चार महिन्यांची मुलगी. तिचा निरोप आमच्यापर्यंत पोचला तेव्हा वडील अंथरुणाला खिळलेले होते, भाऊ दुसरा कुणी नव्हता. उरलो मी. वय एकवीस, अंगात काही नाही, तोंडात मात्र भरपूर. गावात कुणाचीही नक्कल करावी तर सगुणानं, आणि कुणाला फसवावं तर सगुणानं, अशी माझी कीर्ती.

गेलो कसा ते सांगतो. ओहोटीला खाडीच्या मधोमध चिखलाचं बेट उघडं पडतं. तिथं दोन्ही काठांच्या बायका तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला येतात. मी लुगडं नेसून गेलो. हसू नका, त्या वेळी मी दिसायला बरा होतो. सकाळी आमच्या काठाच्या बायकांबरोबर आलो आणि भरती लागताना त्यांच्या काठाच्या बायकांबरोबर टोपली डोक्यावर घेऊन गेलो. पाखल्यांनी एक बाई जास्त मोजली असणार, कारण दुसऱ्याच दिवसापासून तिसऱ्या काढायला बंदी झाली. म्हणजे आलो ती वाट बंद. परत जायची वाट एकच, नाक्यावरून. नाक्यापलीकडे खाजनं होती, खाडीला बांध घालून केलेली भातशेतं. कापणीपुरती तिथं दिवसा जायला मोकळीक होती. खाजनाच्या टोकाकडून ओहोटीला गळाभर पाण्यातून आमचा काठ गाठता येतो.

पण त्यासाठी मला सोनूभावजींचा चुलत भाऊ व्हावं लागणार होतं. बाबलो, राहणार हातोळें.

आमच्या त्या भागात माणसं दोन भाषा बोलतात. आमच्याकडे घरात मालवणी, त्यांच्याकडे कोंकणी. पण पत्र लिहायचं, पोथी वाचायची, देवापुढे आरती म्हणायची, जत्रेला नाटक करायचं, तर दोन्हीकडे मराठी. शब्द बरेचसे सारखेच असतात, पण घडण निराळी. समोरच्या काठाचा माणूस बोलायला लागला की शब्दाचं पोट सुटतं, स्वर गोल होतो आणि शेवटी नाकात जाऊन बसतो. शेवंतीनं मला चार दिवस माळ्यावर कोंडून तयार केलं. सहा वर्षांत तिची जीभ दोन झाली होती. सासूशी एक, माझ्याशी दुसरी, आणि पोरीला थोपटताना दोन्हींची खिचडी.

"तू आपलं मालवणी इलंय म्हणशील आणि मरशील," ती म्हणायची. "आयलो म्हण. तसं न्हय, नाकातून. अजून. आता जरा कंटाळून म्हण. हय माणसं कंटाळून बोलतत."

तिसऱ्या दिवशी खालून तिच्या सासूनं हाक मारून विचारलं, वर कोण आलाय, हातोळेंचा कोण का? शेवंती रडायलाच लागली, इतका तिला आनंद झाला. मी मात्र त्या दिवसापासून नीट झोपलो नाही. रात्री स्वप्नातही मी नाकातून बोलत होतो आणि कुणीतरी डोळे उघडत होतं.

आता रांगेत पुढे अकरा होते, मग आठ, मग पाच. शेवंती माझ्यामागे, पोर काखेत, डोक्यावर हारा, भाताची मोठी टोपली. माझ्या पाठीला तिच्या कोपराचं टोक लागत होतं. पुढच्या एका म्हातारीनं नाव सांगितलं आणि बोट लगेच उठलं नाही. मास्तरांनी तिला विचारलं, माहेर कुठलं? तिनं सांगितलं, पेडण्याच्या वरच्या अंगाचं. मास्तरांनी मान हलवली, जणू तेवढा एकच सूर कुठून आला ते त्यांना समजत नव्हतं, आणि बोट वर केलं. म्हातारी लग्न होऊन चाळीस वर्षं कळंगणला होती. चाळीस वर्षांनीही त्या माणसाच्या कानाला तिचं माहेर ऐकू आलं होतं.

मला तेव्हा पळून जावंसं वाटलं. पण पळायला जागा नव्हती, दोन पाखले मागे उभे होते.

माझी पाळी आली. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, भावाच्या शेतात भावजयीबरोबर कापणीला जातो म्हणून सांगितलं. कंटाळून, नाकातून, पोट सुटलेले शब्द घेऊन. आजवर मी इतकं चांगलं कुणाचं सोंग घेतलं नाही. मास्तरांची बोटं खुर्चीच्या हातावर बारीक ठेका धरून होती, आणि तो ठेका चुकला नाही. बोट आता उठणार, असं मला वाटलं.

बोट उठलं नाही. मास्तरांनी विचारलं, सोनू तर आत आहे, घरात आणखी कोण पुरुषमाणूस? मी म्हणालो, थोरला भाऊ मुंबईला गिरणीत आहे. हेही आम्ही ठरवून ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, त्याला पत्र कोण लिहितं? मी म्हणालो, मीच. तेवढं मी शिकलोय.

"मगीर एक पत्र सांग पळोवया," मास्तर म्हणाले. "तोंडान. भावाक बरयतय तशें."

हे मात्र आम्ही ठरवलं नव्हतं. चार दिवस माळ्यावर शेवंतीनं माझी कोंकणी घासूनपुसून गोल केली होती, पण पत्र मराठीत असतं, आणि मराठीचा विचार दोघांपैकी एकाच्याही मनात आला नव्हता. मराठी तर येतंच की. माझं मराठी गावात सगळ्यांत चोख. रत्नागिरीकडचे गद्रे गुरुजी आमच्या शाळेत होते आणि नाकातून एक जरी स्वर आला तरी बोटांवर पट्टी बसायची. सात वर्षं त्यांनी माझ्या बोटांवर मराठी लिहिलं होतं. मी तोंड उघडलं आणि गुरुजीच बोलायला लागले.

"तीर्थस्वरूप दादांस, साष्टांग नमस्कार विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम असून आपले क्षेम कळवीत जावे. यंदा खाजनातले भात चांगले आले आहे. कापणी सुरू आहे. वहिनी व बाळ खुशाल आहेत. काळजी नसावी."

प्रत्येक शब्द धारेवर उभा. एकही स्वर नाकात नाही. ळ तर असा वाजला की गद्रे गुरुजींनी पाठ थोपटली असती. 'काळजी नसावी' म्हणून झाल्यावर मला कळलं की मी काय केलं. शेवंतीचं कोपर माझ्या पाठीवरून गेलं. ती एक पाऊल मागे सरकली होती.

खुर्चीच्या हातावरचा ठेका थांबला होता.

सगळा नाका थांबला होता. कुणीतरी खोकत होता, तोही थांबला. काबोनं पेन्सिल कानामागे खोचली आणि बंदुकीला हात न लावता नुसती तिच्याकडे नजर टाकली. माझ्या पायांतून काहीतरी गरम वाहत गेलं. गावात ही गोष्ट सांगताना मी हे वाक्य नेहमी गाळत आलो.

"परत सांग," मास्तर म्हणाले.

मी परत सांगितलं. या वेळी शब्द गोल करायला गेलो, तर तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं झालं. अर्धं नाकात, अर्धं गुरुजींचं. मधेच 'क्षेम' अडकलं आणि दोनदा निघालं. आणि मास्तरांनी डोळे उघडले.

पिंगट डोळे होते. ते माझ्याकडे पाहत होते, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग माझ्यावरून मागे गेले, शेवंतीकडे. तिथून तिच्या काखेतल्या पोरीकडे. पोर आईच्या गळ्यातली पोत तोंडात घालून चघळत होती. त्या पोरीकडे ते सगळ्यांत जास्त वेळ बघत राहिले. मग खुर्चीतून उठले. ते उठलेले आजवर कुणी पाहिलं नव्हतं. काबोसुद्धा दचकला.

"हें मराठी?" मास्तर ओरडले. "हें मराठी म्हण्टात? कोणें शिकयलें रे तुका? जत्रेच्या नाटकांत भालदाराचें काम सुद्दां कोण दिवचो ना तुका. भावाक असलें पत्र बरयतय? तो वाचून जीव दितलो."

आणि खूप काही. माझ्या आईबापांचा, माझ्या गावच्या शाळेचा, माझ्या जिभेचा असा उद्धार त्यांनी केला की रांगेतले दोघंतिघं हसायला लागले. हसणं पाहून काबोही हसला. त्याच्याकडे वळून मास्तर पोर्तुगीजमधून दोन शब्द बोलले, बोट वर केलं आणि खुर्चीत बसून डोळे मिटून घेतले.

आम्ही चालू लागलो. नाक्यापासून खाजनाच्या बांधापर्यंत दोनशे पावलं असतील. प्रत्येक पावलाला मला वाटत होतं, आता मागून आवाज येणार. खाजनात ओहोटी लागेपर्यंत भात कापलं. शेवंतीनं पेंढ्या बांधल्या, त्या सगळ्या उलट्या. मग टोकाकडे सरकत सरकत पाण्यात उतरलो. पोरीला हाऱ्यात घालून हारा मी डोक्यावर घेतला. पाणी छातीला, मग गळ्याला, मग हनुवटीला. पोर रडली असती तर सगळं संपलं असतं. ती रडली नाही. पलीकडे चिखलात पाय लागला तेव्हा शेवंती तिथंच बसली आणि तिनं पहिलं वाक्य मालवणीत काढलं. म्हणाली, "सगुणा, माका चालवत नाय." मग मी तिलाही उचललं.

सोनूभावजी सत्तावन्नात सुटून आले. गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती, आणि माझ्या तोंडून ती सहा वर्षं इथंच संपत होती.

कारण मला कळलं होतं ते एवढंच, की दुसऱ्या वेळी मी पत्र म्हटलं तेव्हा शाबा मास्तर फसले. कळंगणचा कान, जो म्हातारीचं माहेर ओळखतो, तो मी, वायंगणवाडीच्या सगुणानं, चकवला. मी ही गोष्ट चहाच्या दुकानात सांगितली, लग्नांत सांगितली, जत्रेत सांगितली. दर खेपेला काबो थोडा जाडा व्हायचा आणि पत्र थोडं लांबायचं. एका वर्षी तर पत्रात मी मुंबईच्या दादाला लग्नाचं विचारलं. शेवंतीची मुलगी कुमुद ही गोष्ट ऐकतच मोठी झाली. तिला ती पाठ होती, कुठं थांबून हसायचं त्यासकट.

एकसष्टच्या डिसेंबरात पोर्तुगीज गेले आणि नाके उठले. दोन महिन्यांनी मी कुमुदला बोटाशी धरलं, केळ्यांचा घड घेतला आणि होडीनं कळंगणला गेलो. शाबा मास्तरांना भेटायचं आणि तोंडावर सांगायचं, मास्तर, तो भालदार मी. केळी त्यांना खिजवायला होती. साडेसहा वर्षांची कुमुद होडीत उड्या मारत होती. तिला मास्तरांचं तोंड बघायचं होतं.

घर साधं होतं, पुढे सोपा. सोप्यावर एक माणूस बसला होता, माझ्याच वयाचा. केस मात्र पांढरे. मास्तरांचा मुलगा, रोहिदास. त्यानं आम्हाला बसवलं, म्हणाला, बाबा वारले, दोन वर्षं झाली. त्याची आई, मास्तरांची बायको, दारात येऊन उभी राहिली. मी म्हणालो, मी पलीकडचा, मास्तरांची आणि माझी एक गंमत आहे, ती सांगायला आलो होतो. रोहिदास खूश झाला. बाबांची गंमत सांगणारं हल्ली कुणी येत नाही, म्हणाला. गावातले लोक त्या नाक्यामुळे बाबांचं नाव घेत नव्हते. प्रेतालाही चारच माणसं आली होती.

त्यानं पेला उचलला तो दोन्ही तळव्यांत धरून. त्याची बोटं मिटत नव्हती. माझी नजर तिथं गेलेली त्यानं पाहिली आणि सहज सांगायला लागला, जसं कुणी आपल्या पडलेल्या दाताबद्दल सांगतं.

पंचावन्नात ऑगस्टातच त्याला धरलं होतं. वडील नाटकमास्तर. तीस वर्षं दोन्ही काठांच्या गावांतून जत्रेची मराठी नाटकं बसवलेली. कुठल्या गावचा पोरगा कुठला स्वर कसा बिघडवतो ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पोर्तुगिजांना हे कुणीतरी सांगितलं. त्यांनी मास्तरांना बोलावून घेतलं आणि म्हणाले, खुर्चीत बस आणि ऐक. पलीकडून आलेली तीन माणसं ओळखून दे, मुलगा सोडतो. मास्तर बसले. दोन मिळाले.

"तिसरो येवंकच ना," रोहिदास म्हणाला. "बाबा भेटूंक येताले तेन्ना दर खेपे हेंच सांगताले. कापणी सोंपली, नाको बंद जालो, तिसरो कोण येवंकच ना. आयिल्लो जाल्यार हांव त्याच म्हयन्यांत सुटपाचो. बोटां उरपाचीं."

तिसरा आला असता तर त्याच महिन्यात सुटलो असतो, बोटं राहिली असती, हे तो रागानं म्हणत नव्हता. पाऊस पडला नाही म्हणून सांगावं तसं तो सांगत होता. सहा वर्षं तो आत होता.

मी खाली पाहत राहिलो. सोपा शेणानं सारवलेला होता, त्यावर बोटांचे वळसे होते, ते मोजत होतो.

"मामा," कुमुद म्हणाली, "सांग ना आपली गंमत."

मी केळ्यांचा घड रोहिदासपुढे सरकवला.

"काका, मी सांगू? मला येते," ती रोहिदासला म्हणाली. "मामानं तुझ्या बाबांना पत्र..."

"रोहिदास," आतून त्याच्या आईचा आवाज आला, "चेडवाक एक शहाळें काडून हाड. उन्हांतल्यान आयलां तें."

तो उठून मागच्या माडांकडे गेला. कुमुदचं तोंड मी हातानं झाकलं होतं. म्हातारी उंबरा ओलांडून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"तिसरो तूं," ती म्हणाली.

मी मान हलवली असेन.

मग ती माझ्या कानाशी वाकून, कुमुदला कळू नये इतक्या हळू बोलली, मागच्या अंगाकडे एक कान ठेवून. त्या दिवशी मास्तर घरी येऊन जेवले नाहीत. म्हणाले, आज एक पलीकडचा आला होता. पहिल्या शब्दालाच नाही कळलं, पण पत्राला कळलं. इतकं शुद्ध मराठी मी तीस वर्षांत एकाही पोराच्या तोंडात बसवू शकलो नाही, त्याला शिव्या देताना माझी जीभ वळत नव्हती. तिनं विचारलं, मग? माझा रोहिदास? मास्तर म्हणाले, त्याच्याबरोबर बाई होती, आणि बाईच्या काखेत पोर. आधी धरलेल्या त्या दोघांचं आतल्या खोलीत काय झालं ते मी खुर्चीत बसून ऐकलंय. बाईचा आवाज मला ऐकवणार नाही. तेवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यानंतर तिनं त्यांच्याशी एक महिना अबोला धरला होता.

"हेंच तें पोर?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो. तिनं कुमुदच्या डोक्यावर हात ठेवला. जरा जोरात ठेवला असावा, कारण कुमुदनं मान आखडून घेतली. हात बराच वेळ तिथंच होता.

"ताका सांगूं नाका," म्हातारी म्हणाली. "बापायन सांगलां तेंच उरूं दी."

रोहिदास शहाळं घेऊन आला. ते त्यानं दोन मनगटांत दाबून धरलं होतं. कुमुदच्या हातात देऊन तो समोर बसला आणि म्हणाला, बोला, काय ती गंमत?

मी जन्मभर थापा मारत आलो. पण अशी कधी मारली नव्हती, की समोरचा माणूस हसला नाही तर आपण मेलो. मी म्हणालो, पोर असताना मी जत्रेच्या नाटकाच्या तालमीला यायचो. मास्तरांनी सगळ्यांसमोर माझं मराठी काढलं, म्हणाले, भालदाराचंसुद्धा काम देणार नाही. मी रडलो. तेव्हा म्हणाले, जा, नीट बोलायला शिकून ये, माझी पेटी तुला देतो. म्हटलं आता शिकलोय, तर पेटी घेऊन जावी.

रोहिदास हसला. पोटातून हसला. बाबा असंच बोलायचे, म्हणाला. कुमुद माझ्याकडे बघत होती, कारण ही गोष्ट तिला पाठ असलेली नव्हती. पण शहाळ्यानं तिचं तोंड भरलेलं होतं.

मला वाटलं होतं, हसण्यावारी जाईल. तो उठला, आत गेला आणि खरंच पेटी घेऊन आला, जुन्या लुगड्यात बांधलेली. म्हणाला, आधी मी वाजवायचो. आता घरात नुसती पडून आहे. शब्द दिलाय बाबांनी, तर घ्या. मी पुढच्या जत्रेला तिकडे येईन ऐकायला.

मला पेटीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मी ती डोक्यावर घेऊन होडीत बसलो.

तो खरंच आला. दर वर्षी आमच्या जत्रेला यायचा, चाळीस वर्षं आला. पहिल्या वर्षी मी सांगितलं, भाता फाटलाय. दुसऱ्या वर्षी उंदरांनी पट्ट्या खाल्ल्या. मग लक्षात आलं की थापा संपतील पण हा यायचा थांबणार नाही. म्हणून कुमुदला शिकायला घातलं. ती चांगली वाजवायला लागली. तो यायचा, भिंतीला टेकून बसायचा, तळवे मांडीवर उताणे ठेवायचा आणि ती वाजवायची. निघताना तिच्यासाठी काहीतरी आणलेलं असायचं, ते द्यायचा. तिच्या लग्नात तो मामाच्या रांगेत उभा होता.

गेल्या श्रावणात तो वारला. म्हातारी कधीच गेली होती. आता ताकीद पाळायला कुणी उरलं नव्हतं, तेव्हा मी कुमुदला सगळं सांगितलं. ती माहेरपणाला आली होती, पेटी पुसत होती.

तिनं फडकं खाली ठेवलं. "इतकी वर्षं मी कुणासमोर वाजवत होते, ते तुला माहीत होतं?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो.

"आणि मला मात्र नाही."

ती त्याच संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. त्याला आता चार महिने झाले. मी दोन पत्रं घातली, चांगल्या स्वच्छ मराठीत. उत्तर आलेलं नाही.